होडीवर उरलेला दगड

आउकेमो, चिलोए बेट
१७ फेब्रुवारी १९९१

ति. झुनिल्दाताईस,

ओर्फेलिनाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तिकडून आलेल्या एका बाईकडून कळलं की तुझे गुडघे फार दुखतात. पुंता अरेनासच्या वाऱ्यात दुसरं काय होणार! लोकरीचे पट्टे विणून ठेवलेत, कुणी जाणारं भेटलं की पाठवते.

नाताळचं पत्र टाकून दोन महिने झाले नाहीत तोवर ही पुन्हा कशी लिहायला बसली, असं तुला वाटेल. तू उत्तर देत नाहीस, त्यामुळे मला घाईही नसते आणि उशीरही होत नाही. पंचवीस वर्षं भिंतीशी बोलायची सवय लागली की माणूस जरा जास्तच बोलतं.

खबर अशी की रोसामेलची तिन्ही पोरं जानेवारीपासून माझ्याकडे आहेत. तो आणि सूनबाई दोघंही ओसोर्नोला कामावर, शाळेला सुट्टी, मग आजी आहेच. थोरली लुद्मिला दहा वर्षांची. बाईसाहेबच. दुसरा दारियो, सात वर्षांचा, त्याच्या तोंडाला कुलूप नाही. धाकटी मिरेया पाच वर्षांची, ती फारसं बोलत नाही, नुसती बघत असते. रोसामेल लहानपणी होता तसाच त्या दारियोचा चेहरा आहे, फक्त कान मोठे.

लुद्मिलाच्या शाळेतल्या बाईंनी एक वही दिली आहे. सुट्टीत जिथे जाल तिथे काय पाहिलंत, काय शिकलात ते रोज एक पान लिहायचं, वर चित्र काढायचं. आता गावात राहून मी यांना शिकवणार काय? पण वही भरायची म्हणून निघालो. खाडीत काळ्या मानेचे हंस पाहिले. देवळाच्या मनोऱ्यात चढलो आणि लाकडाला एकही खिळा नाही हे दारियोला हात लावून दाखवलं. बटाट्याच्या शेतात गेलो, तिथे त्यांना जांभळे, काळे, बोटांसारखे लांब असे अकरा जातींचे बटाटे ओळखायला शिकवले. लुद्मिलानं अकराही वहीत रंगवले. 'आजी, शहरात एकच असतो, बटाटा,' म्हणाली. मी म्हटलं, म्हणून तर तुमची तोंडं अशी फिकट.

मग ती खाली जायचंच म्हणायला लागली. समुद्र मागे हटतो ते जवळून बघायचंय. मी दहा दिवस टाळलं. पाऊस आहे म्हटलं, पाय दुखतात म्हटलं. शेवटी जानेवारीच्या एकतीस तारखेला, पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, घेऊन गेले. इथली पोरं चालायला लागली की चिखलातले शिंपले, तिसऱ्या काढायला खाली जातात, माझीच नातवंडं तेवढी वर बसवून ठेवणार का? लोक विचारायला लागले असते.

बाबांची होडी अजून तिथेच पालथी आहे. कडा कुजल्यात, पण पाठ शाबूत आहे. मी पोरांना तिच्यासमोर ओळीनं उभं केलं.

"नियम ऐका. खाली उतरताना प्रत्येकानं आपला एक दगड या होडीवर ठेवायचा. वर आलं की ज्याचा त्यानं उचलायचा. होडी रिकामी म्हणजे सगळे घरी आले. एक जरी दगड उरला, तर गावातले पुरुष खाली शोधायला जाणार."

"आणि दुसऱ्याचा उचलला तर?" दारियोनं विचारलं.

"हात मोडीन."

"चुकून उचलला तर?"

"चुकून उचलायचा नसतो," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण तो गप्प बसला. तो गप्प बसणं म्हणजे मोठीच गोष्ट.

लुद्मिलानं पांढरा गुळगुळीत दगड शोधला, दारियोनं सर्वांत मोठा, आणि मिरेयानं विटेचा लाल तुकडा. मी माझा ठेवला. चौघांचे चार. दोन तास मजेत गेले. कोणत्या भोकात तिसरी असते आणि कोणत्यात नुसता किडा, ते मी त्यांना दाखवलं. उकरायच्या पाल्देचं लोखंडी टोक चिखलात तिरपं कसं घालायचं तेही शिकवलं. दगडी बांधाचा तो जुना माशांचा कोंडवाडा पाहून दारियो वेडाच झाला. "म्हणजे मासे भरतीला आत येतात आणि ओहोटीला बाहेर पडताच येत नाहीत? किती मूर्ख!" मी त्यांना तिथे फार वेळ थांबू दिलं नाही.

वर आलो. चौघांनी चार दगड उचलले. होडीवर एक उरला.

मी दारियोचा कान पिरगाळला. तो शपथा घेऊन रडला. लुद्मिलानं तर मलाच सुनावलं, "आजी, तो आमच्याबरोबरच होता ना, मग ठेवणार कधी?" मी दगडाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे नव्हता. समुद्र होडीपर्यंत कधी येत नाही, हे तुलाही माहीत आहे.

परवा, पंधरा तारखेला, अमावास्येच्या ओहोटीला पुन्हा गेलो. या वेळी मी स्वतः मोजून चार ठेवून घेतले. वर आलो तर पुन्हा एक उरलेला, तोच.

आणि एक गंमत सांगते. मिरेया तिसऱ्या कशा काढते माहीत आहे? समुद्राकडे पाठ करते, टाच दोनदा जमिनीवर आपटते, मग खांद्यावरून मागे बघत थांबते. जिथून पाणी उडेल तिथे बोट दाखवते. मी विचारलं, कोणी शिकवलं ग? म्हणाली, "मला येतं." असं पाठ करून टाच कोण आपटायचं, ते तुला सांगायला नको.

रात्री जेवताना दारियोनं विचारलं, "आजी, इथे कोणी बुडालं होतं का?" मी म्हटलं, बटाट्याचं मिल्काओ गार होतंय, खा मुकाट्यानं. त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या बाबांचा एक मावसभाऊ होता, तो लहानपणीच गेला. कसा गेला ते नाही सांगितलं. पंचवीस पत्रांत मी तुला त्याचं नाव लिहिलं नाही, आजही लिहीत नाही. तू रागावू नकोस.

लुद्मिलाच्या वहीतलं पान पाहिलं. लिहिलंय, 'आज आम्ही पाच जण समुद्रावर गेलो.' चित्रात मी, आणि चार पोरं. मी म्हटलं, हे चौथं कोण? तिनं बोट लावून चौघं मोजली. मग म्हणाली, "मला वाटतं मी दारियोला दोनदा काढलं." आणि खोडरबर शोधायला गेली.

हे सगळं तुला कशासाठी लिहिलं, मलाच कळत नाही. पोरांच्या गमती म्हणून वाच आणि सोडून दे.

तुझी धाकटी बहीण,
ओर्फेलिना

---

आउकेमो
२६ फेब्रुवारी

ताई,

तुझी तार आत्ता मिळाली. लाँच अर्धा तासच थांबते, म्हणून धक्क्यावरच, माशाच्या पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर सांभाळून घे.

लाँचवाल्यानं तार दिली तेव्हा मला वाटलं कुणी गेलं. पंचवीस वर्षांत तुझा पहिला शब्द, तोही असा. 'दगड कसा आहे.' बस. ना नमस्कार, ना तब्येत.

दगड साधाच आहे ग. करडा. इथे किनाऱ्यावर असे हजार पडलेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या वेळचं माझ्या डोक्यात बसलंय म्हणून मला काहीबाही दिसतं, आणि मी ते तुझ्या माथी मारते. माझंच चुकलं, लिहायलाच नको होतं.

याच लाँचनं रोसामेल आलाय, पोरांना न्यायला. शनिवारी जातील. अठ्ठावीसला पुन्हा मोठी ओहोटी आहे, पण मी कुणाला खाली नेणार नाही. तसं ठरवलंय.

लाँचवाला भोंगा वाजवतोय. पट्टे याच्याबरोबर पाठवते.

ओर्फेलिना

---

आउकेमो
१ मार्च १९९१

ताई,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. दगड करडा नाही. तो हिरवट काळा आहे आणि त्याच्याभोवती पांढरं कडं आहे, कुठेही न तुटलेलं. तू तो नदीच्या मुखाशी शोधून नोलास्कोला सहाव्या वाढदिवसाला दिला होतास. त्या उन्हाळ्यात तो दुसरा कुठलाही दगड होडीवर ठेवत नसे.

नाव लिहिलं.

आधी काल काय झालं ते सांगते, मग दुसरं. क्रम बदलला तर मी दुसरं सांगायची टाळीन, मी मला ओळखते.

खाली न्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल ऊन होतं, पक्षी थव्यांनी उत्तरेला निघाले होते आणि लुद्मिलाच्या वहीत एकच पान कोरं होतं. रोसामेल म्हणाला, "आई, शेवटची मोठी ओहोटी आहे, ने ना त्यांना. मी तोवर बटाटे काढतो." मी नाही म्हटलं. तो हसला. "तू तर मला पाळण्यातून उतरवून खाली न्यायचीस!" मी टोपली उचलली.

चौघांचे चार दगड ठेवले. मी तिघांना हातभर अंतरावर ठेवून होते. पण दारियोला चिखलात एक स्टारफिश सापडला, लुद्मिला त्याचे पाय मोजायला बसली, मी वाकून बघितलं, आणि वर पाहिलं तर धुकं. आपल्याकडचं धुकं तुला सांगायला नको. खाडीतून निघतं आणि चुलीवरचं दूध उतू जावं तसं बघता बघता अंगावर येतं. मी हाका मारत वर पळाले. पुढे पावलं वाजत होती, मला वाटलं तिघंही पुढेच आहेत.

होडीपाशी लुद्मिला आणि दारियो होते. त्यांनी आपापले दगड उचलले होते. मी माझा उचलला. होडीवर एक उरला.

शेतातून रोसामेलनं हाक दिली, "आई, सगळे वर आले का?"

आणि ताई, मी 'हो' म्हणणार होते. दर वेळी एक उरतो. आजही एक उरलाय, तो त्याचाच. मिरेया घराकडे धावली असेल, तिला भूक लागली असेल. माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात लुद्मिला म्हणाली, "आजी, हा तर विटेचा आहे."

मी पाहिलं. लाल तुकडा. कड्याचा दगड नव्हताच तिथे.

मी कशी पळाले मला ठाऊक नाही. बूट चिखलात राहिले. कुठे जायचं ते मात्र मला माहीत होतं, शोधावं लागलंच नाही. कोंडवाड्याच्या बांधावरून पाणी आत यायला लागलं होतं. मिरेया आत उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, समुद्राकडे पाठ करून. टाच दोनदा आपटत होती आणि खांद्यावरून मागे बघत थांबत होती. तिचा डावा हात बाजूला किंचित उचललेला होता. लहान पोर दुसऱ्या पोराचा हात धरून उभं राहतं ना, तसा.

मी तिला उचललं. सगळं अंग ऊबदार होतं. डावा हात तेवढा बर्फ झाला होता.

"आजी, हळू," ती म्हणाली. "तो पडेल."

मी तिला घट्ट धरून किनाऱ्याकडे निघाले. मागे वळून पाहिलं नाही. कुणी हाक मारली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. पण कुणी मारली नाही. नुसतं पाणी बांधावरून येत होतं.

चुलीपाशी बसवून तिचे कपडे बदलले. रोसामेल दारात उभा होता, हातातली मातीही झटकली नव्हती त्यानं. मिरेयानं डावी मूठ उघडली. आत कड्याचा दगड.

"कोणी दिला?" मी विचारलं.

"त्यानंच. मला सांभाळायला."

"आणि तो का नाही आला वर?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मला साधी बेरीज येत नाही. "त्याचा दगड तू घेतलास ना. मग त्याला वाटलं, सगळे त्याला विसरले."

आता दुसरं.

तो दिवस तुला आठवतो तसा मलाही आठवतो. तू अंगणात कुरांतोच्या खड्ड्यापाशी होतीस, तापलेल्या दगडांवर शिंपले ओतून वर पानं झाकत होतीस. सगळं अंगण धुरानं भरलं होतं. मी पोरांना घेऊन खाली गेले होते. नोलास्को, माझा रोसामेल आणि शेजारच्या दोघी मुली. चौघांचे चार आणि माझा एक, असे पाच दगड. धुकं आलं. रोसामेलचा पाय शिंपल्यावर कापला, रक्त थांबेना. मी त्याला पाठीवर घेतलं. दोघी मुली रडत पुढे पळाल्या, होडीपाशी थांबल्याच नाहीत, तशाच घरी. मला वाटलं नोलास्कोही त्यांच्याबरोबर आहे. तो नेहमी सगळ्यांच्या पुढे असायचा ना.

होडीवर पाचही दगड होते. रोसामेल पाठीवर ओरडत होता. मी एका हातानं पाचही दगड एप्रनच्या खिशात लोटले. सगळे आलेच आहेत, मग पुन्हा कशाला कुणाला खाली पाठवायचं. एवढाच विचार होता. विचार तरी कसला, हात फिरला.

अंगणात आईनं विचारलं, सगळे आले? मी म्हटलं, होडी रिकामी आहे.

तास झाला तेव्हा तू त्याला जेवायला हाक मारलीस. मग शोधाशोध. होडी रिकामी होती, म्हणजे पोरगं वर आलं होतं, आपला दगड उचलून घरी आलं होतं आणि मग कुठेतरी गेलं. म्हणून पुरुष जंगलात गेले. शेतात गेले, विहिरीत वाकून बघितलं, रस्त्यानं देवळापर्यंत गेले. समुद्राकडे कुणीही गेलं नाही, ताई. दोन तास नाही. तो तिथे कोंडवाड्यात होता आणि पाणी भरत होतं, आणि सगळं गाव त्याच्याकडे पाठ करून त्याला हाका मारत होतं.

मला तेव्हाच कळलं होतं. खिशात हात घातला आणि त्या कड्यावर बोट फिरलं तेव्हाच. मी एक शब्द बोलले असते तर ते खाली धावले असते. आत्ता सापडेल, आत्ता सापडेल, असं म्हणत मी गप्प राहिले. मग आई तुझ्यावर ओरडली, "होडी रिकामी होती! पोरगं तुझ्या अंगणात आलं होतं! तू काय करत होतीस?" आणि तू म्हणालीस, "मला दिसलाच नाही, धूर होता." त्यानंतर मला बोलताच आलं नाही. आज बोलू, उद्या बोलू. भावोजी तुला सोडून मेंढ्यांच्या कामावर निघून गेले, तेव्हाही नाही. आई मरेपर्यंत तुझ्याशी बोलली नाही, तेव्हाही नाही. तू ट्रंक घेऊन लाँचवर चढलीस आणि मला म्हणालीस, "आपल्या पोरावर लक्ष ठेव, माझ्यासारखी होऊ नकोस." मी मान हलवली.

दगड मी आठवड्यानं कास्त्रोला जाताना लाँचवरून मधल्या खाडीत टाकला. तिथे तळ लागत नाही म्हणतात. म्हणून ३१ जानेवारीला तो होडीवर पाहिला तेव्हाच मी ओळखला होता. दारियोचा कान उगाच पिरगाळला. चोराच्या मनात चांदणं.

तो तुझ्या अंगणात आलाच नव्हता. धुरातून तुझ्या समोरून गेलाच नव्हता. तुझं लक्ष नव्हतं असं एक क्षणही झालं नव्हतं. पंचवीस वर्षं तू जे शोधत बसली असशील, तो कुठल्या बाजूनं गेला, मी वळून का पाहिलं नाही, ते सगळं शोधायचं आता सोड. तिथे काहीच नव्हतं. ते सगळं माझ्या एप्रनच्या खिशात होतं.

मी हे काल चुलीपाशी रोसामेलसमोर बोलले. पोरंही ऐकत होती. त्यानं आपल्या पायावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, तू पाच वर्षांचा होतास, तुझं काही नाही, हात माझा होता. तो बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मावशीला आजच लिही. नाहीतर मी लिहितो." काल मला जमलं नाही, आज लिहिते आहे. तो माझ्याशी नीट बोलत नाही. बरोबरच आहे. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मी देवळात उभी राहून सगळ्या गावाला सांगणार आहे. तू ये, नको येऊस, ते मी करणारच.

पण एक काम मला करता येत नाही.

मिरेयानं काल झोपताना विचारलं, "आजी, तो विचारत होता, आईनं उचलला तर चालतं का?"

नियम असा की ज्याचा त्यानं उचलायचा. पण नियम आम्हीच केलेले. मी तिला म्हटलं, चालतं. आईनं उचलला तर चालतं.

आज सकाळी तिनंच तो नेऊन होडीवर ठेवला. मी हात लावला नाही, आणि टपालानंही पाठवणार नाही. मागच्या दोन वेळी तो सकाळी नाहीसा झाला होता. आज दुपार झाली, पाऊस पडून गेला, मी चारदा जाऊन पाहिलं. तो तिथेच आहे. दर वेळी मला वाटतं, मी पाठ फिरवली की कुणीतरी खालून वर बघतंय.

सतरा मार्चला रविवार आहे आणि वर्षातली सर्वांत मोठी ओहोटी. हे पत्र उद्याच्या लाँचनं जाईल, पोरंही त्याच लाँचनं जातील. तुला आठ तारखेपर्यंत मिळेल. बसनं निघालीस तरी पोचशील. माझ्या घरी उतरायला नको असेल तर देवळाशेजारच्या खोलीची चावी मी मागून ठेवते. माझं तोंडही बघावं लागणार नाही, कारण तू होडीपाशी येशील तेव्हा मी वर नसेन.

मी दुपारी दोनला खाली उतरेन आणि कोंडवाड्यापाशी थांबेन, तो एकटा नको म्हणून. होडीवर दोन दगड असतील. कड्याचा नोलास्कोचा. तो तू उचल, आणि त्याला घरी ने.

दुसरा माझा, पांढरा, साधा. तो तसाच ठेवलास तर लोक मला शोधायला खाली येतील. उचललास तर कुणी येणार नाही. माझ्या बाजूनं तुला दोन्हीची मोकळीक आहे, ताई, आणि कुणी तुला विचारणार नाही, असं मी रोसामेललाही सांगून ठेवलंय.

दोन वाजल्यापासून तुझी वाट बघणारी,
जिनं तुझ्या मुलाचा दगड उचलला ती,
ओर्फेलिना